माजी सैनिकांच्या मनगटाची टक्केवारी

विरार लोकलमध्ये कडी धरून उभ्याने प्रवास करणाऱ्याला हाताच्या पकडीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. सैन्यात असताना ती पकड गमावलेल्या माजी सैनिकाला मात्र तिची किंमत टक्क्यांत सिद्ध करावी लागते. वसई-विरार पट्ट्यात स्थायिक होऊन सुरक्षा रक्षकाची नोकरी करणाऱ्या निवृत्त जवानांपैकी काहींच्या मनगटाला किंवा बोटांना जुनी दुखापत असते. तिच्यासाठी मागितलेला लाभ नाकारला गेल्याचे पत्र कपाटात पडून राहते आणि पुढे काय करायचे, हे कोणी सांगत नाही.

अपंगत्वाचा लाभ मिळण्यासाठी दोन अटी आहेत. दुखापत किंवा आजार लष्करी सेवेमुळे झालेला अथवा सेवेमुळे बळावलेला असावा, ही पहिली. वैद्यकीय मंडळाने अपंगत्व किमान 20 टक्के ठरवलेले असावे, ही दुसरी. 100 टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के रक्कम दरमहा मिळते आणि त्याखाली त्याच प्रमाणात. प्रत्यक्ष युद्धातील जखमांसाठीचे दर याहून अधिक आहेत. सेवेबद्दलचे नेहमीचे निवृत्तिवेतन वेगळे असते आणि ते सुरूच राहते. वाद असतो तो या वाढीव रकमेचा.

या हिशेबात एक मोठी पायरी आहे. 1 जानेवारी 1996 पासून लागू झालेल्या नियमानुसार 20 ते 50 टक्क्यांच्या आतील अपंगत्व 50 टक्के, 50 ते 75 पर्यंतचे 75 टक्के आणि त्यापुढील 100 टक्के धरले जाते. सरकार ही सवलत केवळ अपंगत्वामुळे सेवेतून काढलेल्यांना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये राम अवतार प्रकरणात ती मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही लागू केली. समजा, एखाद्या हवालदाराचे शेवटचे वेतन 40 हजार रुपये होते. 20 टक्के अपंगत्व ठरले, तर ते 50 धरून त्याला दरमहा 6 हजार रुपये मिळतात. 19 टक्के ठरले, तर काहीच नाही. एका टक्क्याचा हा फरक आयुष्यभराचा असतो.

हाताच्या दुखापती नेमक्या याच रेषेच्या आसपास घुटमळतात. तुलनेसाठी कामगारांसाठीचा 1923 चा नुकसानभरपाई कायदा पाहावा. त्याच्या परिशिष्टात अंगठा गेल्यास 30 टक्के, संपूर्ण तर्जनी गेल्यास 14, मधले बोट गेल्यास 12, तर अनामिका किंवा करंगळी गेल्यास 7 टक्के कार्यक्षमता घटल्याचे मानले होते. वसई पूर्वेच्या कारखान्यात प्रेस मशिनखाली तर्जनी गमावलेल्या कामगाराला त्या 14 टक्क्यांची भरपाई मागता येते, कारण तिथे 20 ची अट नाही. लष्करी मंडळांची मार्गदर्शिका वेगळी आहे. पण मंडळाने आकडा 20 च्या खाली ठेवला, तर जवानाच्या हाती काही लागत नाही. बंदुकीचा चाप ओढणारे बोटही तर्जनीच, हे येथे नमूद करायला हवे.

मनगटाची अडचण आणखी वेगळी. हात टेकून पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी असलेले होडीच्या आकाराचे स्कॅफॉइड हे छोटे हाड मोडते. पहिल्या एक्स-रेमध्ये ही मोड अनेकदा दिसत नाही. ‘मुरगळले आहे’ असे लिहून जवानाला कामावर पाठवले जाते. या हाडाला रक्तपुरवठा उलट्या दिशेने, म्हणजे बोटांकडच्या टोकातून होतो. त्यामुळे मोड राहिल्यास मागचा तुकडा जुळत नाही, प्रसंगी मृत होतो आणि काही वर्षांनी सांध्याची झीज सुरू होते. निवृत्तीच्या वेळी मंडळासमोर झिजलेले मनगट असते आणि त्याच्या मागे ‘मुरगळले’ एवढीच नोंद असते. मनगटातील नस दाबली जाऊन बोटे बधिर होण्याच्या ‘कार्पल टनेल’ विकारात तर अपघाताची एक तारीखही नसते.

म्हणून अपिलात सर्वांत मोलाचा कागद दुखापतीच्या वेळचा. दुखापत अहवालात कमांडिंग ऑफिसरने ती सेवेशी संबंधित असल्याचे लिहिलेले असले, तर अर्धी लढाई तिथेच संपते. कर्तव्य म्हणजे केवळ सीमेवरचा पहारा नव्हे. युनिटने आयोजित केलेल्या किंवा परवानगी दिलेल्या खेळातील दुखापतही त्यात मोडते. व्हॉलीबॉलमध्ये मोडलेले बोट क्षुल्लक समजून सोडून देऊ नये. रजेचा काळ कर्तव्यात धरला जातो. तरी रजेवर गावी झालेल्या रस्ते अपघाताचा सेवेशी कार्यकारण संबंध नसल्यास लाभ मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये जुझार सिंग प्रकरणात स्पष्ट केले आहे.

नकाराचे पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिले अपील करायचे असते. ते फेटाळल्यास दुसरे अपील आणि त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. 2007 च्या कायद्याने स्थापन झालेल्या या न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातमधील प्रकरणे येतात. तिथेही अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत आहे. सबळ कारण असल्यास विलंब माफ होऊ शकतो. न्यायाधिकरणाच्या निकालावर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये पुन्हा मान्य केले.

जवान सेवेतून कसा बाहेर पडला, यावर बरेच अवलंबून असते. अपंगत्वामुळेच सेवेतून काढले असेल, तर ते 20 टक्क्यांहून अधिक आहे असेच गृहीत धरावे, असा 2014 चा सुखविंदर सिंग निकाल आहे. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्याला हा आधार नाही. विंग कमांडर राठोड प्रकरणात डिसेंबर 2019 मध्ये न्यायालयाने 20 च्या खालील अपंगत्वाला लाभही नाही आणि वरचा टप्पाही नाही, असे ठरवले. अशा अपिलात ‘अन्याय झाला’ असे लिहून भागत नाही. मंडळाने पकडीचे बळ मोजले का, मनगट किती अंशांत वळते हे नोंदवले का, यावर बोट ठेवावे लागते. सेवेशी संबंध नाही असे म्हणताना मंडळाने कारणे दिली नसतील, तर 2025 च्या राजूमोन प्रकरणाचा निकाल उपयोगी पडतो. भरतीच्या वेळी नोंद नसलेल्या आजाराचा संशयाचा फायदा जवानाला देणारा 2013 चा धरमवीर सिंग निकालही आहेच. 21 सप्टेंबर 2023 नंतर सेवा सोडणाऱ्यांना मात्र नवे नियम लागू होतात. त्यांचा हिशेब जुन्या निवृत्तांच्या हिशेबावरून करू नये.

कागद मागवण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज अभिलेख कार्यालयाकडे करावा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे हे कार्यालय बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला, तर बॉम्बे सॅपर्सचे खडकीला आहे. जुनी सेवापत्रके ठरावीक मुदतीनंतर नष्ट केली जातात, त्यामुळे त्याआधीच प्रती मिळवाव्यात. अर्ज व अपिलाच्या मदतीसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असते.

उशीर झाला म्हणून हक्क पूर्ण बुडत नाही, कारण निवृत्तिवेतन न मिळणे हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय मानला जातो. पण थकबाकी मात्र अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते, असे 2008 च्या तरसेम सिंग निकालाने घालून दिले आहे. वरच्या उदाहरणातील हवालदार दहा वर्षांनी न्यायाधिकरणात गेला आणि जिंकला, तरी सात वर्षांचे, म्हणजे 84 महिन्यांचे 5 लाख 4 हजार रुपये त्याला मिळत नाहीत. त्यावरील महागाई भत्ता वेगळाच.