जुन्या वाड्याला आतून हात लावण्यापूर्वी

आधी ओल थांबवा. गळकी कौलं, तुंबलेली पन्हळ, भिंतीला टेकलेली माती ही कारणं दूर केल्याशिवाय गिलावा किंवा रंग टिकत नाही.

चुन्याला चुनाच. चुन्याच्या भिंतीतली ओल बाहेर पडू शकते. वरून सिमेंट थापलं की ती आतच कोंडते, क्षार फुलतात आणि पोपडे सुटतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत सावकाश घट्ट होतो. म्हणून थर पातळ द्या, प्रत्येक थराला वेळ द्या. वरून चुन्याची सफेदीच उत्तम.

तुळयांची टोकं तपासा. सागवानी तुळई मधे ठणठणीत असली, तरी भिंतीत गेलेलं टोक कुजलेलं असू शकतं. ठोकून पाहा, टोच्या मारून पाहा. कुजका भागच कापून नवा सांधा देता येतो. अख्खी तुळई बदलण्याची घाई नको.

जुना रंग कोरडा घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं जास्त असू शकतं. ओलं करून खरवडा, मुलांना आणि गरोदर स्त्रियांना दूर ठेवा.

वायरिंग गिलाव्याआधी. अर्थिंग नव्याने करा आणि ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवा. विजेचा झटका बसल्यास ते क्षणार्धात प्रवाह तोडतं.

भिंत पाडण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला घ्याच. वाडा वारसा यादीत असेल, तर महापालिकेची परवानगीही आधी मिळवा.