ग्वाल्हेरची बोट आणि नाविकांचे शिक्षण

ग्वाल्हेरपासून समुद्र शेकडो मैल दूर आहे. लष्कर भागात, महाराज बाड्याच्या आसपास वाढलेल्या मुलाने आगबोट बहुधा चित्रातच पाहिलेली असते. असे असूनही भारताच्या आधुनिक जहाजधंद्याचा इतिहास सांगू लागले की या संस्थानाचे नाव आरंभीच घ्यावे लागते.

‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ ही १८९१ पासून पॅसिफिक महासागरात उतारूंची ने-आण करणारी बोट. पहिल्या महायुद्धाच्या काळात माधवराव महाराज शिंदे यांनी ती विकत घेऊन जखमी सैनिकांसाठी तिचे तरते रुग्णालय केले आणि तिचे नाव ‘लॉयल्टी’ ठेवले. युद्ध संपल्यावर वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी प्रभृतींनी ती खरेदी केली व आपल्या नव्या कंपनीस शिंद्यांचेच नाव दिले. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीची ही बोट मुंबईहून लंडनकडे निघाली. राष्ट्रीय नौकानयन दिन त्याच तारखेस पाळला जातो.

बोट मिळाली; पण ती चालविणारे भारतीय अधिकारी कोठून आणावयाचे? कोकणचे खलाशी पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर राबत होते. परंतु अधिकारी होण्याचे शिक्षण देशात मिळतच नव्हते. १९२३ साली नेमलेल्या समितीने शिक्षणनौकेची शिफारस केली आणि १९२७ साली मुंबई बंदरात ‘डफरिन’ सुरू झाली. तेथून बाहेर पडलेल्या तरुणांना ब्रिटिश कंपन्या सहजासहजी जवळ करीत नसत. त्यांना सामावून घेतले ते मुख्यत्वे सिंदियासारख्या स्वदेशी कंपनीने. शाळा आणि धंदा यांची सांगड अशी पडली म्हणून ‘डफरिन’ यशस्वी झाली, एरव्ही ती केवळ शोभेची नौका ठरती.

हा प्रश्न आजही सुटलेला नाही, फक्त त्याचे रूप पालटले आहे. नाविक अधिकाऱ्याचा परवाना वर्गात बसून मिळत नाही. नौकाशास्त्राची तीन वर्षांची पदवी घेतली तरी परवान्याच्या परीक्षेपूर्वी बारा महिने समुद्रावर काढावे लागतात. एक वर्षाची पदविका घेणाऱ्यास अठरा महिने. वैद्यकीय महाविद्यालयाला स्वतःचे रुग्णालय असते. नाविक महाविद्यालयाला मात्र माल वाहणारी स्वतःची बोट नसते. बोटीवर शिकाऊ उमेदवारांसाठी खोल्या मोजक्या असतात, आणि जीवरक्षक साधने जितक्यांपुरती असतील त्याहून अधिक माणसे नेता येत नाहीत. खुर्च्या मांडून वर्ग वाढविता येतो, बोट तशी वाढविता येत नाही!

सागरी विश्वविद्यालयाच्या पदविकेसाठी जहाज कंपनीने आधीच पुरस्कृत केलेला उमेदवार लागतो. ही पद्धत अधिक शहाणपणाची म्हटली पाहिजे. कारण येथे बोटीवरची जागा आधी व वर्गातली जागा नंतर ठरते. पदवीच्या अभ्यासक्रमास हे बंधन नसल्याने पदवी घेऊनही बोट न मिळालेले तरुण मागे राहतात. त्यांच्या अगतिकतेवरच दलालांचे फावते. नोकरीसाठी नाविकाकडून पैसे घेण्यास कायद्याने मनाई आहे आणि भरती करणाऱ्या संस्थेस नौकानयन महासंचालकांचा परवाना लागतो. पण घरदार गहाण टाकून बसलेल्या बापाला हे कोण सांगणार?

अभ्यासक्रमाचीही गोष्ट अशीच आहे. नाविकांच्या प्रशिक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार १९७८ सालचा. १९९५ व २०१० साली त्यात मोठे फेरफार झाले आणि विद्युत-तांत्रिक अधिकारी ही नवी श्रेणी आली. आता द्रवरूप नैसर्गिक वायू व मिथेनॉल यांवर चालणारी इंजिने बोटींवर बसू लागली आहेत. असे इंजिन हाताळलेला शिक्षक वर्गात हवा असेल तर बोटीवरच्या अभियंत्यास काही महिने शिकविण्यासाठी मोकळे करण्याची तयारी कंपन्यांनीच दाखविली पाहिजे.

समुद्र दूर असणे ही खरी अडचण नव्हे. पुण्याजवळ तळेगावच्या परिसरातही सागरी अभियांत्रिकीचे उत्तम शिक्षण मिळते. म्हणून ग्वाल्हेरच्या पालकाने संस्थेची इमारत व गणवेश यांवर न भुलता कार्यालयात एवढेच विचारावे: गेल्या तीन वर्षांत येथून बाहेर पडलेल्यांपैकी किती जण बोटीवर गेले, कोणत्या कंपनीच्या, आणि किती महिन्यांनी?