टपावरचा तंबू ट्रेलरवर उतरतो तेव्हा

मोटारीच्या टपावर घडी करून बांधायचा आणि मुक्कामाला पोचल्यावर उलगडायचा तंबू ही मुळात युरोपातली चीज. इटलीत १९५८ साली ‘एअर कॅम्पिंग’ या नावाने असा तंबू विकायला आला. पुढे १९७०च्या दशकाच्या अखेरीस पूर्व जर्मनीत त्राबांट गाडीसाठीही असे तंबू तयार होऊ लागले. त्राबांट म्हणजे सहाशे सीसीची, सव्वीस अश्वशक्तीची, साडेतीन मीटर लांबीची गाडी. तिच्या अंगावरचे तक्ते टाकाऊ कापूस आणि राळ एकत्र दाबून केलेले. अशा गाडीच्या डोक्यावर नवरा-बायको झोपत आणि खाली गाडी तग धरून उभी राहत असे. ही छायाचित्रं पाहिली की टपावरच्या तंबूला दणकट जीपच लागते हा समज निघून जातो.

आज हे तंबू सर्वाधिक दिसतात ते ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि अमेरिकेत. या लेखाचा विषय अमेरिकेतला आहे, आणि तिथल्या मध्यमवर्गीय घराशी बांधलेला आहे. घरात एक साधी सेडान, अंगणात किंवा गॅरेजच्या भिंतीला टेकवलेला एक चार फूट बाय आठ फुटांचा छोटा ट्रेलर. वर्षभर त्यातून पालापाचोळा, जळण, जुना सोफा, बागेची माती वाहायची. कॅलिफोर्नियातल्या आपल्या मराठी घरांतूनही असा ट्रेलर आढळतो. उन्हाळ्यात चार-पाच शनिवार-रविवार राष्ट्रीय उद्यानांत जायचं असतं आणि तंबू घेतलेला असतो. टपावर तो बसत नाही, म्हणून तो ट्रेलरवर बसवायचा. पण कायमचा बसवायचा नाही, कारण सोमवारी ट्रेलर पुन्हा कामाला लागायचा आहे. खरी अडचण या ‘तात्पुरता’ शब्दातच आहे. कायमचं काही करायचं तर वेल्डिंगवाल्याकडे जाऊन सांगाडा ठोकून घेता येतो. तात्पुरत्या जोडणीला मात्र महामार्गावरचे धक्के झेलायचे असतात, रात्री दोन माणसांचं वजन पेलायचं असतं, आणि सोमवारी दोन पान्यांनी सुटायचंही असतं.

आधी टपावर तो का बसत नाही ते पाहू. प्रत्येक गाडीच्या माहितीपुस्तिकेत टपावर किती वजन चालेल ते दिलेलं असतं. लहान गाड्यांत हा आकडा बहुधा पन्नास ते पंचाहत्तर किलोच्या आसपास असतो. हा चालत्या गाडीसाठीचा आकडा आहे. गाडी वळते, ब्रेक लागतो, खड्डा येतो, तेव्हा टपावरचं वजन आपल्या खऱ्या वजनापेक्षा कितीतरी जास्त जोराने ओढतं, म्हणून ही मर्यादा कमी ठेवलेली असते. गाडी उभी असताना तोच टप त्याच्या अनेक पट वजन पेलतो. नाहीतर दोन माणसं वर झोपूच शकली नसती. दोघांसाठीचा कापडी, घडीचा तंबू गादीसकट पन्नास-साठ किलोंचा असतो, कडक कवचाचा त्याहून जड. त्यात टपावरच्या दांड्यांचं वजन मिळवलं की लहान गाडीची मर्यादा संपलीच.

ट्रेलरची गोष्ट उलट आहे. या आकाराच्या एका लोकप्रिय घडीच्या ट्रेलरची क्षमता ११९५ पौंड, म्हणजे सुमारे ५४० किलो. साठ किलोंचा तंबू त्याला जाणवतही नाही. म्हणून लोक निर्धास्त होतात, आणि इथेच चुकतात. चालताना मोटारीला जो भार जड जातो तो ट्रेलरला हलका असतो. पण उभं राहिल्यावर जिथे मोटार खंबीर असते तिथे ट्रेलर डळमळतो. मोटार चार चाकांवर उभी असते आणि ट्रेलर दोन.

दोन चाकांच्या गाडीचं हे गणित मराठीला नवं नाही. बैलगाडीत मागे जास्त माल भरला की जू वर उचललं जातं, त्याला आपण गाडी उलाळ झाली म्हणतो. पुढे जास्त भरला की ती धुरजड होते आणि बैलांच्या मानेवर भार येतो. हा भार हलका करण्यासाठी सांगली जिल्ह्यातल्या राजारामबापू तंत्रशास्त्र संस्थेच्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये उसाच्या गाडीच्या जुवाखाली एक जादा चाक बसवलं होतं, ते अनेकांनी पाहिलं असेल. ट्रेलरच्या दुनियेत नेमका याच दोन शब्दांचा हिशेब मांडला जातो. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या दांडीवर, म्हणजे मोटारीच्या हिचवर पडला पाहिजे. त्याहून कमी पडला तर ट्रेलर उलाळ होतो, आणि वेगात उलाळ ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झुलू लागतो. हे झुलणं एकदा सुरू झालं की अनुभवी चालकालाही ते आवरणं कठीण जातं.

आता मुक्कामाचं गणित. ट्रेलर १२० किलो, तंबू ६०, दांडे आणि किडुकमिडुक २० असे एकूण २०० किलो धरू. दांडीवर २५ किलो, आसापासून हिचपर्यंतचं अंतर २.४ मीटर. म्हणजे ट्रेलरला पुढे दाबून ठेवणारा जोर झाला ६० किलो-मीटर. ट्रेलरचं मागचं टोक आसापासून एक मीटरवर आहे. मोटार सोडून ठेवली आणि सत्तर किलोंचा माणूस ट्रेलरच्या मागच्या कडेवर नुसता उभा राहिला, तर उलट दिशेने जोर पडतो ७०. ट्रेलर उचलला गेला. अजून तंबू उघडलेलाही नाही! घडीचा तंबू मागच्या बाजूला उघडला की त्याचा अर्धा तळ आणखी सव्वा मीटर बाहेर लोंबतो. त्याच्या टोकाला तोच माणूस बसला तर जोर दीडशेच्या पुढे जातो.

तंबू बाजूला उघडला तर बरं पडेल, असं अनेकांना वाटतं. चाकांमधलं अर्धं अंतर ६५ सेंटिमीटर धरलं तर २०० किलोंचा ट्रेलर १३० किलो-मीटर इतका प्रतिकार करतो. तंबूचं बाहेरचं टोक चाकापासून सुमारे १.१५ मीटर दूर. एक माणूस टोकाला आला तर जोर ८०, म्हणजे धोका नाही. दोघं आली तर १६०. बाजूला उघडणं अधिक फसवं आहे असं मी म्हणतो ते यामुळे. एकट्याने चढून, उड्या मारून केलेली चाचणी पार पडते आणि रात्री दोघं एका कुशीवर वळली की ट्रेलर कलतो. हे आकडे ढोबळ आहेत, प्रत्येक ट्रेलरचे वेगळे निघतील, पण दिशा हीच राहील.

यावर कोणी म्हणेल की बाहेरच्या टोकाला शिडीचा आधार असतोच. असतो. या तंबूंची रचनाच तशी आहे: शिडी हीच बाहेरच्या तळाचा खांब. पण शिडीचे पाय दोन-तीन चौरस इंचांचे असतात. रात्री पाऊस झाला, माती भिजली, एक पाय चार बोटं खचला की सगळा भार ट्रेलरवर येतो. म्हणून शिडी हा एकमेव आधार असू नये. शिडीच्या पायांखाली फळी द्यायची आणि ट्रेलरच्या चारही कोपऱ्यांखाली टेकू लावायचे. बैलगाडी सोडल्यावर जुवाखाली शिपाई देतात तसे हे चार शिपाई. अमेरिकेत स्क्रूने वरखाली होणारे लोखंडी टेकू स्वस्तात मिळतात. त्यांनी ट्रेलर उचलून चाकं अधांतरी करायची नसतात. पाटे थोडे मोकळे होऊन गाडी बसकी झाली की पुरे. मग रात्री कूस बदलल्यावर होडीसारखं हलणंही थांबतं. त्याआधी चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर, आणि शक्य असेल तिथे ट्रेलर मोटारीला जोडलेलाच ठेवायचा. अर्थात ट्रेलर वापरण्याचा मोठा फायदाच असा की तंबू उभा ठेवून मोटार घेऊन फिरायला जाता येतं. तो घ्यायचा असेल तर टेकूंच्या बाबतीत कंजुषी नको.

आता जोडणी. तंबूच्या तळाला ॲल्युमिनियमच्या दोन खाचा असलेल्या पट्ट्या असतात. त्यांतून आठ मिलिमीटरचे बोल्ट खाली येतात आणि आडव्या दांड्यांना पकडतात. टपावर हे दांडे आयते असतात, ट्रेलरवर ते निर्माण करावे लागतात. सर्वांत स्वस्त उपाय लाकडाचा. ट्रेलरच्या कडेला फळ्या खोचण्यासाठी चौकोनी खोबणी असतात, त्यांत उभे तुकडे बसवून वर आडवी तुळई टाकायची. तिथलं बाजारातलं नेहमीचं लाकूड ३८ बाय ८९ मिलिमीटरचं. ते पसरट ठेवण्याऐवजी कडेवर उभं ठेवलं तर त्याचा वाकायला होणारा विरोध साडेपाच पट वाढतो. पैसा तेवढाच, लाकूडही तेच. लाकडाचा दोष दुसरा आहे. बोल्टच्या दाबाखाली ते हळूहळू चेपतं आणि घट्ट आवळलेला नट दोनशे किलोमीटरनंतर सैल सापडतो. रुंद वॉशरने हे कमी होतं, थांबत नाही.

माझा कौल लोखंडी स्ट्रट चॅनेलला आहे. विजेच्या तारा आणि पाइप लटकवण्यासाठी इमारतींत वापरतात ती एका बाजूने उघडी, ४१ मिलिमीटरची पन्हळ. तिच्यात स्प्रिंग लावलेला नट कुठेही सरकवून आवळता येतो. तंबूच्या पट्ट्यांचं अंतर आणि ट्रेलरच्या कडांचं अंतर कधीच जुळत नाही, त्यामुळे सरकवता येणं हा मोठाच गुण. ट्रेलरला भोक पाडावं लागत नाही, इंग्रजी यू आकाराच्या बोल्टने चौकट कवटाळता येते. म्हणजे जोडणी खऱ्या अर्थाने तात्पुरती राहते. नट नायलॉनच्या कड्याचे घ्यावेत, ते थरथरीने सुटत नाहीत. तरीही पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर थांबून प्रत्येक नट पान्याने तपासायचाच.

काही लोक बोल्टच्या भानगडीत न पडता रॅचेटच्या पट्ट्यांनी तंबू ट्रेलरवर आवळतात. सोफा बांधतो तसा. पट्टा फक्त ओढ घेतो. ब्रेक लागल्यावर तंबू पुढे सरकतो त्याला तो नीट अडवू शकत नाही, आणि जास्त आवळला तर तंबूचा पोकळ तळ कडेला चेपतो. बोल्ट लावल्यावर वरून एक पट्टा जास्तीचा, एवढीच त्याची जागा.

दांडे किती उंच घ्यायचे यावर मतभेद आहेत. उंच घेतले तर खाली स्वयंपाकाची जागा होते, हा मोह. पण उंचीबरोबर वजनाचा मध्य वर जातो, वळणावर ट्रेलर उलटण्याची शक्यता वाढते आणि शिडीही लांब लागते. घरात वयस्क माणूस असेल तर जमिनीपासून मीटरभर उंचीचा बिछाना हाच ट्रेलरचा सर्वांत मोठा लाभ आहे. तो उंच दांड्यांवर घालवू नये. दुसरं, तंबूच्या लोंबत्या भागाखाली गॅसची शेगडी पेटवणं जिवावर बेतणारं आहे. कापड पेटण्याची भीती सगळ्यांना कळते. वर झोपलेल्या मुलाच्या अंगाशी कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला मात्र वास नसतो, रंग नसतो. शेगडी किंवा कोळशाची शिगडी तंबूपासून दूर, उघड्यावर, असा नियमच हवा.

रस्त्यावर हा ट्रेलर आणखी एक खोडी काढतो. त्याचे पाटे पाचशे किलोंसाठी बनवलेले, आणि वर ऐंशी किलो. त्यामुळे तो प्रत्येक सांध्यावर उडतो आणि ते उडणं थेट बोल्टांपर्यंत जातं. उपाय सोपा आहे: पाण्याचे डबे, हत्यारांची पेटी असं जड सामान तळाशी, आसाच्या किंचित पुढे ठेवायचं. पाटे दबतात, वजनाचा मध्य खाली येतो, दांडीवरचा भारही बरोबर होतो. वेगाचं म्हणाल तर वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी साठवरून नव्वदवर गेलं की तो सव्वादोन पट. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला ताशी ५५ मैलांची, म्हणजे ८८ किलोमीटरची मर्यादा आहे. शेजारून सगळे भरधाव जात असताना ती पाळणं जिवावर येतं, पण बारा इंची चाकांच्या बेअरिंगला तोच वेग मानवतो.

आपल्याकडे हा प्रयोग करायचा तर आधी कायदा पाहावा लागतो. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलरही मोटार वाहनच आहे, त्यामुळे त्याची स्वतंत्र नोंदणी लागते. गल्लीतल्या फॅब्रिकेटरकडून करून घेतला आणि जोडला, असं चालत नाही. म्हणून इथे टपावरचे तंबू दिसतात ते थार किंवा फॉर्च्युनरसारख्या गाड्यांच्या डोक्यावरच. त्यातही कापडी छताच्या थारला भार घेणारा टप नसतोच. तिथे आधी बाहेरून लोखंडी सांगाडा उभारावा लागतो, त्यावर आडवे दांडे, आणि मग तंबू. पाटे, बोल्ट आणि उंचीचा हिशेब तिथेही असाच मांडायचा असतो, फक्त चाकं चार असतात.