प्रकल्पप्रमुख : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ठरलेल्या मुदतीत आणि ठरलेल्या पैशात जे काम संपवायचे असते, तो प्रकल्प. ते संपेल याची जबाबदारी ज्याच्या गळ्यात पडते, तो प्रकल्पप्रमुख. यवतमाळ जिल्ह्यात ही जबाबदारी कार्यकारी अभियंत्यावर असते तशीच सरपंचावर, शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालकावर आणि बचत गटाच्या अध्यक्षेवरही येते. या कामाविषयीचे काही समज मात्र फार चिवट आहेत.

पैसा मंजूर झाला की प्रकल्प मार्गी लागला, हा त्यांतला सर्वांत घट्ट. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा 284 किलोमीटरचा रेल्वेमार्ग 2008-09 मध्ये मंजूर झाला. त्याच्या वर्धा–कळंब या पहिल्या टप्प्यावर गाडी धावली ती फेब्रुवारी 2024 मध्ये. रूळ टाकण्याआधी जमीन ताब्यात यावी लागते, आणि ती एकेका गटाने, एकेका खातेदाराकडून येते. निधीची तरतूद हा त्या मोठ्या गुंत्यातला एक धागा. पैनगंगेवरच्या निम्न पैनगंगा प्रकल्पाने दुसरी बाजू दाखवली. महाराष्ट्र आणि शेजारच्या राज्याचा हा संयुक्त प्रकल्प यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांतल्या बुडित क्षेत्रातील गावांच्या विरोधामुळे अनेक वर्षे अडून राहिला. विरोध करणारे लोक म्हणजे वाटेतली धोंड, असे मानणारा प्रमुख आराखडा पक्का करून मग गावात जातो. तोवर बोलण्यासारखे काही उरलेले नसते. 2013 च्या केंद्रीय भूसंपादन कायद्याने संपादनाआधी सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि जनसुनावणी घालून दिली, ती उगाच नव्हे.

दुसरा समज वेळापत्रकाचा : काम सुरू झाले की वेळ मोजायची. पाणलोटाच्या कामात हे कसे अंगाशी येते ते पाहण्यासारखे आहे. यवतमाळात कपाशी हे मुख्य पीक. वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होते, तूर जानेवारीपर्यंत उभी असते आणि फरदड, म्हणजे त्याच कपाशीचा दुसरा बहार, घेणाऱ्याचे शेत मार्चपर्यंत मोकळे होत नाही. मृग लागतो 7 जूनच्या आसपास. म्हणजे समतल चर, बांधबंदिस्ती, नाला खोलीकरण यांसाठी हाती उरतात जेमतेम तीन महिने, तेही विदर्भातल्या उन्हाचे. पहिला दणक्याचा पाऊस झाला की काळ्या जमिनीत जेसीबी रुततो आणि काम थेट पुढच्या वर्षावर जाते. एप्रिलमध्ये धावपळ करणारा प्रमुख कष्टाळू दिसतो खरा, पण तो उशिराच जागा झालेला असतो. ग्रामसभेचा ठराव, प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यता, शेतकऱ्यांची संमतिपत्रे हे सारे वेचणी चालू असतानाच उरकावे लागते. नाल्यातला गाळ कोणाच्या धुऱ्यावर टाकायचा, टिप्पर कोणत्या पांदणीतून न्यायचा, हे प्रश्न अंदाजपत्रकात नसतात. यंत्र बंद पडून राहते ते बहुधा याच प्रश्नांपाशी. धुऱ्याचे भांडण पिढीजात असते, ते यंत्र येऊन उभे राहिल्यावर मिटत नाही.

या पूर्वतयारीला महाराष्ट्रात जुनी परंपरा आहे. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, 1972 च्या दुष्काळाच्या काळात रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. तिचा कायदा 1977 मध्ये झाला. मजूर काम मागायला आल्यावर काम शोधत बसायचे नाही, मंजूर कामांची यादी आधीच तयार ठेवायची, असा या योजनेचा दंडक होता. ‘शेल्फवरील कामे’ हा कचेरीतला शब्द तिथूनच रुळला.

सगळे स्वतः पाहतो तो चांगला प्रमुख, हे कौतुकाने सांगितले जाते. छोट्या कामात ते खपते, मोठ्या कामात नाही. कोकण रेल्वेचा सुमारे साडेसातशे किलोमीटरचा मार्ग बांधताना ई. श्रीधरन यांनी तो सात विभागांत वाटला, प्रत्येकावर मुख्य अभियंता नेमला आणि निर्णयाचे अधिकार जागेवरच दिले. 1990 मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि 1998 मध्ये पूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही, ज्याच्या पहिल्या टप्प्यातल्या 15 जिल्ह्यांत यवतमाळ होता, गावपातळीचे नियोजन गावाच्या समितीकडे सोपवले होते.

प्रमुख स्वतः तज्ज्ञ असलाच पाहिजे, हाही समजच. समपातळी रेषा आखायला साधी ए-फ्रेम पुरते. लाकडाच्या तीन काठ्या, दोरी आणि ओळंबा यांची ती चौकट शेतमजूरही एका दिवसात शिकतो. प्रमुखाला तज्ज्ञाला नेमका प्रश्न विचारता आला आणि मजुरांची हजेरी व मोजमाप वेळेत पुढे सरकवता आले, म्हणजे निम्मे काम झाले. मजुरी अडकली की मजूर दुसरीकडे जातात.

राहिला फीत कापण्याचा दिवस. तो प्रकल्पाचा शेवट मानला जातो. बाभूळगाव तालुक्यातल्या बेंबळा धरणात पाणी अडले, तरी कालवे आणि वितरिकांची कामे मागे राहिली. 2016 मध्ये केंद्राने प्रधानमंत्री कृषी सिंचाई योजनेत देशभरातले जे 99 अपूर्ण प्रकल्प प्राधान्याने निवडले, त्यांत बेंबळा होता. कालवा पूर्ण झाल्यावरही पाण्याची पाळी ठरवणे, पाणीपट्टी गोळा करणे, गाळ काढणे उरतेच. महाराष्ट्राच्या 2005 च्या कायद्याने हे काम शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे दिले आहे. तेव्हा चारीवर पाणी येण्याआधी तिथली संस्था नोंदवून, तिला हिशेब शिकवून ठेवणे हेही प्रकल्पप्रमुखाच्याच कामात धरावे.