घर कोठे बांधायचे?




काही वर्षांपूर्वी आपल्या देणग्यांतून कर्जत तालुक्यातील एका ठाकरवाडीत आम्ही एका कुटुंबाला घर बांधून दिले. पत्रे किती, विटा किती, मजुरी किती, सारा हिशेब मी वहीत मांडला होता. जागा मात्र नीट पाहिली नाही. सपाटी हवी म्हणून मागचा उतार पुरुषभर खोदला आणि त्या खोदलेल्या दरडीला पाठ लावून घर उभे राहिले. गेल्या पावसाळ्यात दरडीच्या वरच्या जमिनीला वीस पावले लांब भेग गेली. घरात आजी, नवराबायको आणि तीन मुले झोपतात. चूक माझी आहे, म्हणून हा लेख.

आपल्या डोंगरांतील अलीकडच्या घटना आपणांस ठाऊक आहेत. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण दरडीखाली गेले. १५१ माणसे दगावली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे ८० हून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीत २७ मृतदेह सापडले आणि ५७ जण सापडलेच नाहीत. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत नव्हती. म्हणजे यादीत नाव नाही, एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

दरड का येते? सह्याद्रीचा कातळ काळा आणि कठीण, पण त्यावर मुरूम व मातीचा थर असतो. सलग काही दिवस जोराचा पाऊस झाला की पाणी या थरात मुरते. खाली कातळ लागला की ते पुढे सहज जिरत नाही. थर जड होतो, त्याची पकड सुटते आणि तो कातळावरून घसरतो. आपण उताराचा पायथा खोदला असेल तर थराचा आधार आधीच गेलेला असतो. झाडे तोडली असतील तर मुळांची पकडही नसते. खडकावर बांधलेल्या घराचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. लूकच्या शुभवर्तमानात तो मनुष्य आधी खोल खणतो, मग पाया घालतो. पायाखाली काय आहे ते पाहण्याचे कष्ट आम्ही घेतले नव्हते.

आता प्रत्येक जागेवर आम्ही या गोष्टी पाहतो :

१. वरच्या उतारावर आडवी किंवा कमानीसारखी भेग आहे का?
२. झाडे, विजेचे खांब, कुंपण एका बाजूला कलले आहेत का?
३. नव्या जागी झरा फुटला का? असलेल्या झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले का?
४. दारे-खिडक्या एकाएकी अडकू लागल्या का?
५. घर घळीच्या तोंडाशी आहे का? वरून आलेला राडारोडा घळीतूनच खाली येतो.

यातली एखादी खूण दिसली आणि पाऊस थांबत नसेल, तर रात्र त्या घरात काढायची नाही.

मग सगळ्यांनी खाली यावे, असे म्हणणे सोपे आहे. मीही त्या आजींना तेच म्हटले. त्या म्हणाल्या, "ताई, खाली येते. पण शेळ्या कुठं बांधू? नाचणी कोण राखील?" त्यांचा प्रश्न खरा आहे. वनहक्क कायद्याने मिळालेला प्लॉट वर आहे, पाणी वर आहे, हिरडा आणि मध वर आहे. पोटाचे साधन सोडून मिळालेली सुरक्षितता फार दिवस टिकत नाही. माणसे पुन्हा वर जातात. शिवाय नवी जागाही तपासावी लागते. माळीणकरांसाठी वसवलेल्या नव्या गावात २०१७ च्या पहिल्याच पावसाळ्यात रस्ते खचले.

म्हणून आम्ही वाडीबरोबर बसून दोन्ही बाजू मांडल्या. शेत आणि शेळ्यांचा गोठा वरच राहील. झोपायचे घर वीस मिनिटांच्या चालीवर, घळीपासून दूर असलेल्या माळावर होईल. ते होईपर्यंत रेड अलर्टच्या रात्री सर्वांनी शाळेत झोपायचे. किल्ली आता वाडीतल्याच एका दादांकडे असते. माळाच्या जागेसाठी ग्रामसभेचा ठराव झाला आहे आणि जागेची भूवैज्ञानिक पाहणी व्हावी म्हणून तहसीलदारांकडे अर्ज दिला आहे. पाहणी झाल्याशिवाय आम्ही एक वीटही रचणार नाही.

आपण दिलेले पत्रे काढून नव्या घरावर घालता येतील. विटा, मजुरी आणि माळापर्यंत पाण्याची नळी यांसाठी मदत लागेल. यापुढे कोणत्याही कामासाठी देणगी देताना आम्हांला जरूर विचारा : घराच्या मागे काय आहे? आणि पावसाळ्याच्या रात्री या कुटुंबासाठी प्रार्थना करा.