खर्जाचं वजन

बेस गिटारची सर्वांत जाड तार, खालची 'ई', मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते. या सुराची हवेतली एक लहर आठ मीटरांहून लांब असते. बहुतेक बँड ज्या खोलीत सराव करतात ती खोलीसुद्धा इतकी लांब नसते. त्यात माणसाचा कान या पट्टीत मंद. मधल्या पट्टीतला सूर सहज ऐकू येतो. पण खर्जातला सूर तेवढाच मोठा वाटायचा तर हवेत त्याचा दाब कितीतरी जास्त लागतो, हे फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ साली मोजून दाखवलं. बेस गिटारच्या अ‍ॅम्पमध्ये आजवर जे बदल झाले, त्यांतले बरेचसे कानाच्या आणि हवेच्या या अडचणीतून वाट काढण्यासाठी.

ही अडचण दुकानात कळत नाही. तिथे बेसवादक एकटा बसून वाजवतो. समोर ड्रम नसतात, दोन गिटार नसतात, गायक नसतो. लहानसा अ‍ॅम्पही तिथे गरजतो आणि खर्ज वाढवला की छाती भरून येते. तोच अ‍ॅम्प बँडमध्ये नेला की पहिल्याच गाण्यात हरवतो. बेसचा अ‍ॅम्प वाजवणाऱ्याच्या एकट्याच्या कानासाठी नसतोच. त्यावर ड्रमर आपला ठेका बसवतो, गायक सुराचा पाया शोधतो, गिटारवाल्याला कॉर्ड कुठे बदलतेय ते समजतं. त्यामुळे त्याची निवडही बँडच्या कानाने व्हायला हवी. ही यंत्रं घडत गेली ती याच गरजेतून, म्हणून निवडीआधी त्यांची गोष्ट माहीत असलेली बरी.

सुरुवात होते डबल बेसपासून. माणसाहून उंच असलेलं हे लाकडी वाद्य जॅझच्या मोठ्या वाद्यवृंदात ट्रम्पेट आणि ड्रमच्या पुढे ऐकूच यायचं नाही. न्यूयॉर्कमधला बेसवादक एव्हरेट हल याने यावर तोड काढली. डबल बेस ज्या खुंटीवर जमिनीला टेकतो, त्या खुंटीच्या आतल्या टोकाला त्याने मायक्रोफोन बसवला. ही 'अ‍ॅम्प्लिफाइड पेग', म्हणून कंपनीचं नाव अ‍ॅम्पेग. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात हल या मायक्रोफोनबरोबर अ‍ॅम्पही बनवू लागला.

तिकडे कॅलिफोर्नियात लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला. गिटारसारखा आडवा धरायचा, पडदे असलेला, विजेवर चालणारा बेस. त्याला जोड म्हणून पुढच्याच वर्षी पंधरा इंची एका स्पीकरचा बेसमन अ‍ॅम्प आला. पुढे त्यात दहा इंची चार स्पीकर बसले. पण त्याची पेटी मागून उघडी होती, आणि खर्जाचा खरा प्रश्न तिथेच होता. स्पीकरचा कागद पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. मागची लहर वळसा घालून पुढे आली की दोन्ही एकमेकींना खोडतात, आणि सूर जितका खालचा तितकी ही खोडाखोड जास्त. त्यामुळे बेसवाल्यांना बेसमन अपुरा पडला आणि गिटारवाल्यांनी तो उचलला. आवाज वाढवला की त्याच्या ट्यूबमधून येणारी खरखर त्यांना गोड वाटली. लंडनच्या जिम मार्शलने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आपला पहिला अ‍ॅम्प बनवला तोही याच बेसमनच्या सर्किटवरून. रॉक गिटारचा आवाज म्हणून जग जो ओळखतं, त्याचा उगम बेसच्या अ‍ॅम्पमध्ये आहे.

बेसला त्याचा हक्काचा अ‍ॅम्प मिळाला १९६० साली. अ‍ॅम्पेगमधल्या जेस ऑलिव्हरने बी-१५ पोर्टाफ्लेक्स घडवला. पेटी मागून बंद, आत पंधरा इंची एक स्पीकर, हवेला मोजूनमापून ठेवलेली वाट, आणि ट्यूबचा अ‍ॅम्प पेटीच्या झाकणावर बसवलेला. काम झालं की झाकण उलटायचं, अ‍ॅम्प आत जायचा, कड्या लावायच्या आणि पेटी उचलून चालू लागायचं. ताकद अवघी २५ ते ३० वॅट. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सन आणि मेंफिसच्या स्टॅक्सचा डक डन हे दोघेही बी-१५ वापरायचे. गोल, उबदार, किंचित जाडसर असा तो आवाज आजही स्टुडिओत मुद्दाम शोधला जातो. हलला रॉक अँड रोल मुळीच आवडत नसे; आवाज फाटणं म्हणजे त्याच्या लेखी अ‍ॅम्पमधला दोष. त्याने १९६७ मध्ये कंपनी विकली.

तोवर रॉकचे कार्यक्रम मोठमोठ्या बंदिस्त स्टेडियमांत होऊ लागले होते, आणि आजच्यासारखी प्रचंड ध्वनियंत्रणा तेव्हा नव्हती. मंचावरच्या अ‍ॅम्पनेच सभागृह भरायचं असे. १९६९ मध्ये अ‍ॅम्पेगच्या बिल ह्यूज आणि रॉजर कॉक्स यांनी याला दिलेलं उत्तर म्हणजे एसव्हीटी: ३०० वॅट, १४ ट्यूब, आणि सोबत दहा इंची आठ-आठ स्पीकरांच्या दोन पेट्या. त्याच वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात रोलिंग स्टोन्सने हे अ‍ॅम्प मंचावर लावले, बेससाठी आणि गिटारसाठीही. अ‍ॅम्पचं हेड, म्हणजे स्पीकरशिवायचा भाग, सुमारे ३८ किलो. आठ स्पीकरांची ही पेटी अजूनही बनते आणि तिचं वजन सुमारे ६४ किलो भरतं. माणसाएवढं वजन आणि जवळपास छातीएवढी उंची असलेली ही पेटी कुठल्याही रॉक मंचावर लांबूनच ओळखू येते.

या पेटीत शिकण्यासारखं बरंच आहे. आठ स्पीकर चार बंद कप्प्यांत जोडीजोडीने बसवलेले असतात. ५८ हर्ट्झच्या खाली तिचा आवाज उतरू लागतो आणि ४० हर्ट्झला तर तो बराच क्षीण होतो. म्हणजे खालच्या 'ई'चा मूळ सूर ती पूर्ण ताकदीने देतच नाही. तरीही ती प्रचंड वाटते, कारण तारेतून मूळ सुराबरोबर त्याच्या दुपटीचा, ८२ हर्ट्झचा सूरही जोरकस निघतो आणि कान त्यावरून खालचा सूर मनाने पुरा करतो. बँडमध्ये बेस 'ऐकू येणं' म्हणजे बव्हंशी हे वरचे सूर ऐकू येणं. निवड करताना या एका गोष्टीइतकं कामाला येणारं दुसरं काही नाही.

पुढची वाटचाल मुख्यतः वजन उतरवण्याची आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अकूस्टिक ३६० हा ट्रान्झिस्टरवर चालणारा २०० वॅटचा अ‍ॅम्प आला. अठरा इंची स्पीकरची त्याची पेटी पुढे जाको पास्टोरियसच्या बेसची ओळख बनली. १९८० च्या दशकात गॅलियन-क्रूगरच्या ८०० आरबीने खर्जासाठी ३०० आणि वरच्या सुरांसाठी १०० वॅट अशी विभागणी केली, तीही एका हाताने उचलता येईल अशा पेटीत. आजचे क्लास डी अ‍ॅम्प त्याहून पुढे गेले आहेत. त्यांतले ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा पूर्ण चालू-पूर्ण बंद होत राहतात, त्यामुळे वीज उष्णतेत फारशी वाया जात नाही. वीजपुरवठ्याचा जड ट्रान्सफॉर्मरही गेला. न्यूयॉर्कच्या अग्विलार कंपनीचा टोन हॅमर ५०० हा ५०० वॅटचा अ‍ॅम्प दोन किलोंच्या आत बसतो. स्पीकरमध्ये निओडिमियमचे चुंबक आल्यामुळे पेट्याही हलक्या झाल्या. रिक्षाने किंवा लोकलने जॅम रूम गाठणाऱ्या पुण्या-मुंबईच्या बेसवादकासाठी हा बदल फार मोठा आहे. स्वतःचा आवाज त्याला आता पाठीवरच्या बॅगेत नेता येतो.

आता निवडीकडे. दुकानात पहिला प्रश्न वॅटचा विचारला जातो, आणि तो फसवा आहे. ताकद दुप्पट केली तरी आवाज तीन डेसिबलच वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणजे ३०० आणि ५०० वॅटच्या अ‍ॅम्पमधला फरक आकड्यावरून वाटतो त्यापेक्षा खूपच कमी ऐकू येतो. त्यातही ५०० हा आकडा बहुधा चार ओहमच्या भाराला दिलेला असतो (ओहम म्हणजे पेटी विजेला करते त्या विरोधाचं माप). आठ ओहमची एकच पेटी जोडली तर तोच अ‍ॅम्प साधारण ३०० च्या आसपास देतो. मग जास्त वॅट घ्यायचे तरी कशाला? जोरात छेडलेल्या सुराचा पहिला ठोका आवाज न फाटता जावा म्हणून. हलक्या हाताचा ड्रमर आणि लहान खोली असेल तर १०० वॅटही निभतात. रॉक वाजवणाऱ्या, काठ्या मोकळ्या सोडणाऱ्या ड्रमरसोबत ३०० ते ५०० हवेत.

स्पीकरचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. पंधरा इंची स्पीकर खर्ज देतो आणि दहा इंची चटकदारपणा, असं सर्रास सांगितलं जातं. हिशेब वेगळं सांगतो. दहा इंची स्पीकरचा हवा ढकलणारा भाग साधारण ३५० चौरस सेंटिमीटर, पंधरा इंचीचा ८५० च्या आसपास. चार दहा इंची स्पीकर म्हणजे १४०० चौरस सेंटिमीटर, एका पंधरा इंचीहून खूप जास्त. खर्ज किती खाली जाईल हे एकूण क्षेत्रफळ, कागद किती पुढे-मागे हलू शकतो आणि पेटी कशी बांधली आहे, या तिन्हींवर मिळून ठरतं. बंद पेटीत खालचा आवाज हळूहळू उतरतो; भोकाची पेटी आणखी खाली जाते, पण एका टप्प्यानंतर एकदम तुटते. पाच तारांचा बेस वाजवत असाल तर मोकळी 'बी' ३१ हर्ट्झला असते. त्या तारेवर सावकाश चढत-उतरत वाजवून पाहा. एखादा सूर फुगत किंवा नाहीसा होत असेल तर पेटीचा स्वभाव तिथेच कळतो.

ओहमचं गणित पाठ असावं. आठ ओहमच्या दोन पेट्या जोडल्या की अ‍ॅम्पवर चार ओहमचा भार येतो. चार-चारच्या दोन जोडल्या तर दोनचा, आणि बहुतेक अ‍ॅम्पना तो सोसत नाही. म्हणून पहिली पेटी आठ ओहमची घ्यावी; पुढे गरज वाढली की तशीच दुसरी जोडता येते. ट्यूबचा अ‍ॅम्प स्पीकर न जोडता कधीही वाजवू नये, त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. पेटीला जोडायची केबल स्पीकरचीच हवी. गिटारची बारीक केबल एवढी वीज वाहून नेण्यासाठी नसते. परदेशातून कुणी अ‍ॅम्प आणणार असेल तर तो २३० व्होल्टवर चालतो का ते मागच्या पट्टीवर आधी वाचावं. १२० व्होल्टचा अमेरिकन अ‍ॅम्प इथे थेट लावला तर तो पहिल्याच दिवशी जातो.

डीआय आउटपुट, म्हणजे बेसचा आवाज थेट मिक्सरकडे पाठवणारी जोडणी, अगदी आवश्यक. मोटाउनच्या स्टुडिओतही बेस बहुधा अ‍ॅम्पला वळसा घालून थेट मिक्सरकडे जायचा. आज आपल्याकडच्या कॉलेज फेस्टमध्ये, क्लबमध्ये किंवा मैदानातल्या कार्यक्रमात प्रेक्षकांना ऐकू येणारा बेस याच वाटेने मोठ्या स्पीकरांकडे जातो. मंचावरचा अ‍ॅम्प तेव्हा फक्त बँडसाठी उरतो. त्यामुळे मंचावर अवाढव्य पेटीची गरज क्वचितच पडते. पण ज्या जॅम रूममध्ये बेस मिक्सरला जोडलेला नसतो, तिथे सगळा भार तुमच्या पेटीवरच येतो. तुम्ही महिन्यातून किती वेळा कुठे वाजवता, यावर पेटीचा आकार ठरवा.

आवाज लावताना घरी आवडणारी पद्धत सोडून द्यावी लागते. खर्ज आणि वरचे सूर चढवून मधली पट्टी खाली केली की एकट्याला बेस सुंदर वाटतो. बँडमध्ये त्या खर्जावर बास ड्रम बसतो, वरच्या पट्टीवर झांजा, आणि बेसच्या हाती काहीच उरत नाही. २०० ते ८०० हर्ट्झचा भाग हीच बेसची खरी जागा. तो चढवा, खर्ज थोडा उतरवा. एकट्याने ऐकताना आवाज नाकात बोलल्यासारखा वाटेल, पण ड्रम सुरू झाले की एकेक सूर सुटा ऐकू येतो. पेटी कोपऱ्यात ठेवली की भिंती खर्ज फुगवतात, म्हणून ती थोडी बाहेर ओढावी. जमिनीवरची पेटी तुमच्या गुडघ्यांशी बोलते आणि मधले-वरचे सूर सरळ रेषेत पुढे जातात. म्हणूनच बेसवाल्याला स्वतःचा आवाज येत नाही, मग तो आवाज वाढवतो आणि समोरचे सगळे दबतात. पेटी खुर्चीवर ठेवली किंवा मागे कलती केली तर कित्येकदा नवा अ‍ॅम्प घ्यायची गरजच संपते.

नव्याने बँड बांधणाऱ्या मुलामुलींना माझा सल्ला स्पष्ट आहे. ३०० ते ५०० वॅटचं हलकं हेड, आठ ओहमची एक चांगली पेटी (दहा इंची दोन किंवा बारा इंची एक), मधल्या पट्टीसाठी वेगळा नॉब आणि डीआय. याने पहिली काही वर्षं नीट निघतात. ट्यूबच्या आवाजाचं प्रेम असेल तर ते नंतर, सांभाळायची तयारी झाल्यावर पुरवावं. आणि खरेदीला ड्रमरला सोबत न्या. जमलं तर अ‍ॅम्प एका संध्याकाळपुरता जॅम रूममध्ये आणायची परवानगी घ्या. अख्खा बँड नेहमीच्या जोराने वाजत असताना गायकाला विचारा, सूर धरायला सोपं गेलं का. ड्रमरला विचारा, पाय आणि बेस एकत्र पडताना ऐकू आलं का. दोघं हो म्हणाले, तर पैसे द्या.