नाजूक हातांना गादीचे हातमोजे : माल घेताना काय पाहावे

आटपाडी, खानापूर, सांगोला या पट्ट्यात डाळिंबाचा हंगाम लागला की आमच्या कापड दुकानातही हातमोज्यांची चौकशी सुरू होते. हा माल आता कापडवाले, होजिअरीवाले, हार्डवेअरवाले, खत-औषधांचे दुकानदार असे सगळेच ठेवतात. पण ठेवतात तो बहुधा एकाच जातीचा आणि एकाच मापाचा. गिऱ्हाईक बाई असली, तिच्या हाताला भेगा असल्या किंवा पुरळ उठत असले, तर "हा जाड आहे, हाच घ्या" एवढाच सल्ला तिला मिळतो. जाड तो चांगला, हा या धंद्यातला मोठा गैरसमज आहे. त्यात बाईचे पैसे जातात, मोजा दोन दिवसांत कमरेला खोचला जातो आणि दुकानदाराचे गिऱ्हाईकही जाते.

प्रथम काम समजून घेतले पाहिजे. डाळिंबाच्या बारीक फांदीचे टोकच टणक होऊन काटा बनते. विरळणी, तोडणी, फुटवे काढणे या कामांत बायकांचे हात दिवसभर या काट्यांत असतात. फळ ओढून तोडत नाहीत, देठ कात्रीने कापतात. म्हणजे दिवसातून शेकडो वेळा कात्रीची मूठ तळव्यावर दाबली जाते. काटा टोचतो हे एक दुखणे आणि मूठ दाबते हे दुसरे. ज्यांची कातडी मुळात नाजूक आहे त्यांना घाम, रंग, रबर, चामडे यांचे तिसरे दुखणे. या तिन्हींचे औषध वेगळे आहे. गादी, म्हणजे मोज्यातला भराव, फक्त दाबावर चालते. काटा अडवायला वरचा दाट थर लागतो आणि कातडी सांभाळायला आतले अस्तर लागते. मोजा हातात घेतल्यावर हे तीन थर वेगवेगळे तपासावेत.

गादीचे आधी पाहू, कारण गिऱ्हाईक तिलाच भुलते. कापूस, फायबर किंवा फोम यांचा भराव कितीही मऊ असला तरी काटा त्यातून सरळ पार होतो. आपले पिंजारी-नदाफ बांधव हे चांगले जाणतात. रजईत सुई शिरायला कधी जोर लागत नाही. तेव्हा गादीचा मोजा म्हणजे काट्यापासून बचाव असे सांगून माल विकणे बरोबर नाही. गादीचे खरे काम तीन ठिकाणी आहे. अंगठा आणि पहिले बोट यांच्या बेचक्यात, बोटांच्या मुळाशी आणि तळव्याच्या टाचेला, जिथे मूठ टेकते. बोटांच्या पेरांवर गादी नको. तिथे भराव आला की फळ किती घट्ट धरले आहे हे हाताला कळत नाही, फळावर डाग पडतो आणि मुकादमाची बोलणी बाईला खावी लागतात.

आणखी एक गोष्ट दुकानात बसून लक्षात येत नाही. तळव्यात भराव वाढला की कात्रीची मूठ हाताला तेवढी जाड लागते, आणि जाड मूठ दाबायला जास्त जोर लागतो. म्हणजे ज्या बाईचे सांधे दुखतात, बोटांना मुंग्या येतात, तिला सर्वांत जाड मोजा दिला तर दुखणे वाढण्याचीच शक्यता. अशा हाताला पातळ पण घट्ट भरलेली गादी द्यावी. अंगठ्याने दाबून पाहावे. दाबल्याबरोबर खालचे कापड लागले तर भराव फुसका आहे. दाबून सोडल्यावर पुन्हा उभा राहिला तर ठीक. कापसाची गादी घाम शोषते पण धुतल्यावर गोळे धरते, म्हणून तिच्यावर आडवी-उभी टीप हवी. फोम धुवायला सोपा, पण हवा खेळू देत नाही. आमच्या माणदेशातल्या उन्हात फोमचा मोजा दुपारपर्यंत ओला होतो आणि ओल्या कातडीला भेगा लवकर पडतात.

आता काट्याचे. आयात किंवा निर्यातीच्या मालावर युरोपच्या ईएन ३८८ या मानकाची चार आकड्यांची खूण असते: घासणे, कापणे, फाटणे, टोचणे, या क्रमाने. २०१६ साली त्यात कापण्याच्या दुसऱ्या कसोटीचे अक्षरही जोडले गेले. चौथा आकडा टोचण्याचा असतो. तो ० ते ४ असा असतो. पण ही कसोटी साडेचार मिलिमीटर जाडीच्या खिळ्याने घेतात, बारीक काट्याने नव्हे. म्हणून आकडा ३ आहे एवढ्यावर डाळिंबाच्या काट्याची खातरी देऊ नये. आपल्याकडे चामड्याच्या आणि सुती औद्योगिक हातमोज्यांसाठी भारतीय मानक ६९९४, भाग १ आहे. घाऊक माल घेताना त्याची विचारणा जरूर करावी.

दुकानापुरती सोपी कसोटी अशी. बागेतून वाळलेला काटा आणावा. मोज्याचा तळवा अंघोळीच्या साबणाच्या वडीवर ताणून ठेवावा आणि काटा अंगठ्याने दाबावा. मोजा उचलून साबणावर खूण पडली का पाहावे. विणलेला सुती मोजा, त्यावर प्लास्टिकचे ठिपके असोत वा नसोत, इथे नापास होतो. हा मोजा पकडीसाठी आहे, काट्यासाठी नाही. तळव्याला नायट्राईलचा लेप दिलेला विणीचा मोजा बरा ठरतो, आणि लेप दुहेरी असेल तर अधिक. बकरीच्या कातड्याचा मोजा मऊ असून बऱ्यापैकी तग धरतो. वेल्डिंगवाले वापरतात तो गाईच्या फाडीव चामड्याचा मोजा काटा अडवतो, पण त्यात बाईला बोट वाकवता येत नाही. विणीच्या मालात गेज विचारावा. गेज म्हणजे विणीच्या यंत्रात एका इंचात किती सुया आहेत ते. ७ गेज जाड आणि राठ, १० मध्यम, १३ बारीक. नाजूक हाताला लेपाखाली १३ गेज हाताशी चांगला बसतो.

मापाकडे तर कोणी पाहतच नाही. "शेठ, ह्यात बोटं जात्यात, पर कातर धरवंना," असे एका बाईने मला सांगितले, आणि मोज्याची टोके खरोखरच बोटांपुढे लोंबत होती. मोठ्या मापाच्या मोज्यात गादी जागेवर राहत नाही. बेचक्यातली गादी सरकून तळव्याच्या मध्यभागी येते आणि जिथे नको तिथेच गाठ होऊन बसते. मोज्यांचे माप आपल्या कापडवाल्यांना सोपे आहे, कारण आकडा इंचांचाच असतो. अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी तळव्याभोवती फीत लावावी. ७ इंच (१७८ मिमी) भरले तर माप ७, ८ इंच (२०३ मिमी) भरले तर माप ८. ९ म्हणजे २२९ मिमी. बायकांचे हात बहुधा ६ ते ८ मध्ये बसतात, आणि घाऊक गठ्ठ्यात येतो तो माल बहुधा ९ आणि १० चा. ऑर्डर देताना "लेडीज" एवढेच लिहून भागत नाही, आकडा लिहावा. आतून सुती मोजा घालायचा असेल तर तो घालूनच माप घ्यावे. मोजा चढवल्यावर गिऱ्हाइकाला काउंटरवरचे रुपयाचे नाणे उचलायला सांगावे आणि दहा वेळा कात्री मिटायला लावावी. एवढ्यात निकाल लागतो.

कातडीचे प्रकरण जरा नाजूक आहे. ज्या बाईला मोजा घातल्यावर खाज सुटते, पुरळ येते, तिच्याकडून आधी कोणता मोजा वापरला होता हे विचारून घ्यावे. रबराच्या मोज्याने त्रास झाला असेल तर कारण नैसर्गिक रबरातले प्रथिन असू शकते किंवा रबर पक्के करायला वापरलेली रसायने. नायट्राईलमध्ये ते प्रथिन नसते, पण रसायने असू शकतात. आतून पावडर मारलेले मोजे टाळावेत. अमेरिकेने वैद्यकीय कामातले पावडरचे मोजे जानेवारी २०१७ पासून बंदच केले. चामड्याने त्रास होत असेल तर क्रोमवर संशय घ्यावा. बाजारातले बहुतेक मऊ चामडे क्रोमने कमावलेले असते, आणि ज्यांना क्रोमची ॲलर्जी आहे त्यांना घाम येताच त्याची बाधा होते. युरोपने २०१५ पासून कातडीला लागणाऱ्या चामडी वस्तूंत घातक प्रकारच्या क्रोमची मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅम ठेवली आहे. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीच्या सालीने, हिरड्याने कमावतात. त्यात क्रोम नसतो, पण ते कडक असते, म्हणून फक्त तळव्याच्या ठिगळाला चालेल.

अस्तराला पांढरे, धुतलेले सुती होजिअरी कापड सर्वांत सुरक्षित. रंगीत अस्तर असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग सुटतो का पाहावे. आपल्या भागात दख्खनी मेंढीची लोकर मुबलक आहे, घोंगडी विणली जातात, तेव्हा लोकरीची गादी का नको असे काही जण विचारतात. ही लोकर भरड. तीस मायक्रॉनपेक्षा जाड तंतू कातडीला टोचतो, आणि दख्खनी लोकरीत तसे तंतू भरपूर. दोन कापडांच्या मध्ये कोंडलेली चालेल, कातडीला लागणारी नाही. मोजा उलटा करून शिवणही पाहावी. बोटाच्या टोकाला जाड शिवण आत असेल तर नखाच्या कडेला जखम होते. एवढे करूनही पुरळ गेले नाही तर मोजे बदलत बसू नये, बाईला कातडीच्या डॉक्टरकडे पाठवावे.

एक गोष्ट गिऱ्हाइकाला बजावून सांगितलीच पाहिजे. कापडी किंवा गादीचा मोजा फवारणीला, बोर्डो मिश्रण कालवायला कधीही वापरू नये. कापूस औषध पितो आणि दिवसभर हाताला लावून ठेवतो. त्यापेक्षा उघडा हात लगेच धुता तरी येतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विसरू नये. त्या कामाला लांब बाह्यांचे, विनाअस्तर नायट्राईलचे मोजे वेगळे मिळतात. कीटकनाशकांच्या मोज्यांसाठी आयएसओ १८८८९ हे मानक २०१९ साली आले. तेल्या रोगाच्या बागेत छाटणी करताना कात्री झाडागणिक निर्जंतुक करावी लागते. मग त्याच रसाने भिजलेला कापडी मोजा दुसऱ्या बागेत कसा चालेल? एक बाग झाली की मोजा धुवून उन्हात वाळवावा, म्हणजेच प्रत्येकीला दोन जोड हवेत.

यात आपल्या कारागिरांना काम आहे. तयार मालात ६ आणि ७ मापाचा, तीन जागी गादी असलेला मोजा सहज मिळत नाही. विट्याच्या किंवा इचलकरंजीच्या मागावरचे दाट कापड पाठीला, तळव्याला बकरीच्या कातड्याचे ठिगळ, बेचक्यात पिंजलेला कापूस टिपा मारून, आत सुती अस्तर. गल्लीतला चांगला दर्जी आणि एक पिंजारी मिळून हा मोजा करू शकतात. कातड्याला साध्या मशीनची सुई पुरत नाही, चामड्याची सुई आणि नायलॉन दोरा लागतो. पहिल्यांदा फक्त सहा जोड शिवावेत, दोन-दोन प्रत्येक मापाचे. ते एका टोळीला आठवडाभर वापरायला द्यावेत आणि कुठे उसवले ते पाहून मगच कातडे मापाने कापून ठेवावे. दर ठरवताना कातड्यातली नासाडी धरावी, नाहीतर नफा तिथेच जातो.

बागा ठोक घेणाऱ्या बागवान बांधवांनी हे मोजे टोळीच्या खर्चात धरावेत, बायकांच्या मजुरीतून कापू नयेत. मजुरीतून कापलेला मोजा बाई जपून घरी ठेवते आणि उघड्या हाताने तोडणी करते. दुकानदारांनी एकच जोड सुटा विकायची तयारी ठेवावी, डझनाचा हट्ट धरू नये, आणि न वापरलेला, न मळलेला जोड माप बदलून द्यावा.